मुंग्यांच्या जाती आणि मुंग्यांचे देह



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही कळविला तेव्हा एका स्नेह्याने हसून विचारले, "चैत्राचे ऊन सोसून, दिवसभराची कामे उरकून लोक संध्याकाळी येऊन बसणार, आणि तुम्ही त्यांच्यापुढे मुंग्या सोडणार?" प्रश्न रास्त आहे. मुंगी आपल्या इतकी परिचयाची आहे की, तिच्याविषयी आणखी काही ऐकावयाचे उरले आहे असे कोणास वाटत नाही. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला, वारुळावर चिमूटभर पीठ टाकले आणि मुलांना उद्योगीपणाचा धडा सांगितला, की आपला आणि मुंगीचा व्यवहार संपला.

परंतु 'मुंगी' हे एकवचनच मुळी फसवे आहे. जगात आजवर ज्यांना शास्त्रीय नावे मिळाली आहेत अशा मुंग्यांच्या जाती सुमारे चौदा हजार भरतात. एकट्या भारतात त्या आठशेहून अधिक आहेत. आपण मात्र त्यांची वाटणी लाल मुंगी, काळी मुंगी आणि मुंगळा अशा तीन नावांत करून मोकळे होतो. ह्या तीन नावांच्या आड जे देह लपले आहेत त्यांच्याविषयी एकच प्रश्न आज आम्हांला आपणांपुढे मांडावयाचा आहे. एखाद्या ठिकाणी मुंग्यांच्या जाती जसजशा वाढतात, तसतसे त्यांच्या देहांचे काय होते? नवी जात येते ती नवे रूप घेऊन येते, की असलेल्याच रूपांच्या दाटीत जागा करून घेते? प्रश्न दिसावयास पोथीतला आहे; परंतु त्याचे उत्तर शेवटी आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोचते, असे आम्हांस दिसून आले आहे.

प्रथम देह कसा वाचावयाचा ते पाहू. मुंगीचे शरीर म्हणजे कारागिराची हत्यारपेटी होय. पेटी उघडून पाहिली की धनी सुतार आहे की न्हावी, हे त्याला न विचारता कळते. मुंगीचेही तसेच. अभ्यासक भिंगाखाली तिच्या डोक्याची रुंदी, जबड्याची लांबी, डोळ्याचा आकार आणि त्याचे स्थान, मिशांची लांबी, छातीची लांबी आणि पायाच्या मांडीची लांबी मोजतात. एवढ्या पाचसहा मापांवरून ती मुंगी कोठे हिंडते आणि काय खाते, ह्याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

आपल्या नेहमीच्या पाहण्यातलीच उदाहरणे घेऊ. बाभळीच्या खोडावर चढउतर करणारा काळा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस, लांब पायांचा आहे. मोकळ्या जमिनीवर तो दूरवर जातो, आणि बाभळीवरच्या किड्यांनी गाळलेला गोड रस गोळा करतो. त्याच झाडाच्या वाळक्या, पोकळ फांदीत एक सडपातळ मुंगी राहते. तिचे डोके व पोट काळे, छाती तांबूस आणि डोळे मोठे असतात. हिचे नाव टेट्रापोनेरा. तिचा लांबट बारीक देह पोकळ लाकडातल्या नळीत बरोबर बसतो. आणि तिचा डंख ज्याने एकदा सोसला तो तिची ओळख जन्मभर विसरत नाही. तिसरी क्रेमॅटोगॅस्टर. तिचे पोट बदामाच्या आकाराचे असते आणि चिडली की ती ते डोक्यावर उचलून धरते. कोरड्या माळावर मेरानोप्लस नावाची एक केसाळ, संथ मुंगी दिसते. तिच्या पाठीवर ढालीसारखे कवच असते. हात लावताच ती अंग आखडून मेल्याचे सोंग घेते. जमिनीखाली हिंडणाऱ्या डोरिलस जातीच्या कामकरी मुंग्यांना डोळेच नसतात, कारण त्यांच्या अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही. द्वीपकल्पातल्या काही प्रदेशांत हार्पेग्नाथस नावाची मुंगी आहे. तिचे जबडे लांब चिमट्यासारखे वर वळलेले, डोळे टपोरे. ती भक्ष्य पाहते आणि चक्क उडी मारते. पालापाचोळ्यात तर तिळाहून लहान अशा शिकारी मुंग्या आहेत, ज्यांचे जबडे सापळ्यासारखे उघडे राहतात आणि स्पर्श होताच मिटतात.

देह आणि काम ह्यांची ही सांगड दख्खनच्या भूमीवर फार पूर्वीच कोणाच्या तरी डोळ्यांत भरली होती. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची आकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामावर होता. पुण्यात १८२९ साली त्याला मोकळ्या जमिनीवर गवताच्या बियांच्या लहान लहान ढिगाऱ्या दिसल्या. बारकाईने पाहता कळले की, पावसाने भिजलेले धान्य मुंग्या आपल्या कोठारांतून वर आणून उन्हात वाळवीत आहेत. आपल्या घरोघरी वाळवणे पडतात तसाच हा प्रकार! साइक्सने १८३५ साली ही मुंगी वर्णून तिला दूरदर्शी अशा अर्थाचे नाव दिले. ती आज फायडोले ह्या गणात मोडते. ह्या गणात एकाच वारुळात दोन प्रकारच्या कामकरी असतात. एक सामान्य, दुसरी धडाच्या मानाने अवाढव्य डोक्याची. त्या डोक्यात जबड्याचे स्नायू भरलेले असतात. तेच तिचे जाते. ह्याच साइक्सने एका मोठ्या काळ्या मुंगीची हकिकत लिहून ठेवली आहे. गोड पदार्थांच्या मेजाचे पाय त्याने पाण्याच्या भांड्यांत ठेवले, मेज भिंतीपासून सरकविले. तेव्हा मुंग्या भिंतीवर चढल्या आणि वरून अंग सोडून मेजावर पडू लागल्या. एक दाणे दळणारी, दुसरी दूरवर धावणारी व चढणारी. दोघी एकाच गावात नांदतात आणि एकमेकींच्या पोटावर पाय देत नाहीत.

येथे आपला मुख्य प्रश्न उभा राहतो. शेजारी राहणाऱ्या जातींचे देह वेगळे का असतात?

एक उत्तर असे, की शेजारच त्यांना वेगळे करतो. जी. एव्हलिन हचिन्सन ह्या शास्त्रज्ञाने १९५९ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. सिसिली बेटावर पालेर्मोजवळ एका संतिणीचे देवस्थान आहे. त्याच्या खालच्या लहानशा तळ्यात त्याला पाणकिड्यांच्या दोन जाती मिळाल्या, एक मोठी आणि एक लहान. आपल्या कंकालेश्वराच्या कुंडाकाठी बसून कोणास असा प्रश्न पडावा, तसा त्याला पडला: दोनच का? आणि अशा लहानमोठ्याच का? पुष्कळ प्राण्यांची मापे ताडून त्याने दाखविले की, एकाच ठिकाणी एकाच प्रकारचे अन्न खाणाऱ्या निकटच्या जातींत मोठीचे माप लहानीच्या सुमारे एक पूर्णांक तीन दशांश पट असते. दोघींना एकत्र नांदावयाचे तर एवढे अंतर ठेवावे लागते, असा त्याचा आशय. त्याच्या आधी १९५६ साली ब्राऊन आणि विल्सन ह्या दोन मुंगीतज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखविली होती. उत्तर अमेरिकेत लॅसियस गणातल्या दोन पिवळ्या मुंग्या पूर्वेकडे शेजारी राहतात, आणि तेथे त्या स्पष्ट वेगळ्या दिसतात. पश्चिमेकडे त्यांपैकी एकटीच राहते, आणि तेथे तिचे रूप इतके ठाशीव राहत नाही. दोघींच्या लक्षणांची सरमिसळ तिच्यात आढळते. शेजारीण आली की वागणे बदलते हे आपण घरात पाहतो. येथे देहच बदललेला दिसला.

ह्याच विचाराची सर्वांत सुंदर परीक्षा डायेन डेव्हिडसन ह्या विदुषीने अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत केली. तेथे बी गोळा करणारी व्हेरोमेसर नावाची मुंगी आहे. तिच्या वारुळात लहानमोठ्या अशा सर्व मापांच्या कामकरी असतात. डेव्हिडसनबाईंनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: जेथे बी खाणाऱ्या दुसऱ्या जाती पुष्कळ, तेथे ह्या मुंगीच्या कामकरी जवळजवळ एकाच मापाच्या, जेथे प्रतिस्पर्धी जाती थोड्या, तेथे त्यांच्या मापांत मोठी तफावत.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून गावाचाच दाखला देतो. चार घरांच्या डोंगरी वस्तीवर एकच कुटुंब नांगर दुरुस्त करते, घर शाकारते, दोर वळते, प्रसंगी दाढीही करते. त्या घरातला एक मुलगा अंगाने दणकट, दुसरा हाताने हलका. सर्व कामे घरातच वाटली जातात. तेच कुटुंब बीडच्या पेठेत येऊन राहिले तर? शेजारी सुतार, पलीकडे लोहार, समोर शिंपी. आता त्याला एकच धंदा धरून बसावे लागते. डेव्हिडसनबाईंच्या मुंगीचे असेच झाले. शेजार रिकामा होता तेव्हा एका वारुळानेच अनेक देह घडविले. शेजार भरला तेव्हा ते एका देहावर आले. म्हणजे समाजातले वैविध्य दोन ठिकाणी राहू शकते. ते अनेक जातींत वाटलेले असेल, किंवा एकाच जातीच्या पोटात साठविलेले असेल. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

येथपर्यंत कथा मोठी सुरेख जुळली. परंतु शास्त्रात सुरेख जुळलेल्या कथेकडेच अधिक संशयाने पाहावे लागते. रिसिंग ह्या संशोधकाने १९८७ साली दाखविले की, त्याच व्हेरोमेसर मुंगीच्या कामकरींचे माप वर्षाच्या ऋतूंप्रमाणेही कमीजास्त होते. म्हणजे देहाच्या मापामागे शेजार हे एकच कारण नाही. अन्नाची तेजीमंदीही आहे. दुसरा आक्षेप ह्याहून मूलगामी आहे. सिंबर्लॉफ आणि बेक्लेन ह्यांनी १९८१ साली हचिन्सनच्या त्या गुणोत्तराची कसून झडती घेतली, आणि विचारले की, असे अंतर निव्वळ योगायोगाने पडत नाही कशावरून? त्यांच्या विचाराचे मर्म आपण गोट्यांच्या पिशवीवरून समजून घेऊ. पिशवीत लहानमोठ्या शंभर गोट्या आहेत. डोळे मिटून तीन काढल्या तर त्यांच्या मापांत थोडा फरक पडेल. तीस काढल्या तर सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान ह्यांतले अंतर बहुधा पुष्कळ वाढेल. ह्यात गोट्यांची आपसांत स्पर्धा कोठे आली? तेव्हा जाती वाढल्या आणि देहांची विविधता वाढली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डोळे मिटून काढलेल्या गोट्यांहून ती विविधता अधिक आहे की उणी, हे पाहिले पाहिजे. गेल्या चाळीस वर्षांतील ह्या शाखेचे बरेचसे काम ह्या एका प्रश्नाभोवती फिरते आहे.

अधिक असेल तर समजावे की शेजाऱ्यांनी एकमेकांना दूर लोटले आहे. आणि उणी असेल तर? तर समजावे की मुंग्या तेथे येण्यापूर्वीच कोणीतरी त्यांना चाळणीतून काढले आहे. ती चाळणी म्हणजे भूमी. कास्पारी आणि वाइजर ह्यांनी १९९९ साली मांडलेला एक साधा विचार येथे उपयोगी पडतो. आपल्याला सपाट दिसणारी जमीन लहान मुंगीला डोंगरदऱ्यांची असते. मोठी मुंगी लांब पायांनी काडीकचरा ओलांडून जाते. लहान मुंगीला त्याच्या फटींतूनच वाट काढावी लागते, आणि फटीत लांब पाय अडचण होतात. म्हणून मोठ्या मुंग्यांचे पाय देहाच्या मानाने अधिक लांब, लहानांचे आखूड. गिब आणि पार ह्या विदुषींनी ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि स्वीडन अशा तीन दूरच्या देशांत मोकळी आणि गुंतागुंतीची अशी दोन्ही प्रकारची ठिकाणे तपासली. २०१३ साली त्यांनी लिहिले की, मोकळ्या ठिकाणच्या मुंग्यांचे पाय लांब आणि डोळे डोक्यावर वरच्या बाजूस असतात. तीन खंडांत जाती निराळ्या, परंतु भूमीने मागितलेले रूप एकच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपल्याकडे भूमीच्या तीन तऱ्हा सहज दिसतात. वर बालाघाटाचा मुरमाड माळ, जेथे वैशाखात दगड हाताला पोळतो. खाली गंगथडीची काळी जमीन, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी. आणि ह्या दोहोंमध्ये कपिलधार, सौताडा अशा घळी, नायगावच्या मयूर अभयारण्याची झाडी, ओढ्याकाठचे करंज आणि उंबर, जेथे पाला कुजतो आणि ओल टिकते. उघडा माळ ही बारीक छिद्रांची चाळणी होय: लांब पाय, दूर पाहणारा डोळा, ऊन सोसणारे अंग किंवा ऊन टाळण्याची सवय असेल त्यानेच तेथे राहावे. घळीत जा, म्हणजे एका हाताच्या अंतरात पाला, माती, पोकळ काडी, दगडाखालची गार जागा आणि झाडाची साल अशी पाच बिऱ्हाडे मिळतात. तेथे केवळ जाती वाढत नाहीत. आखूड पायांच्या, लहान डोळ्यांच्या, सापळ्याच्या जबड्यांच्या अशा ज्या रूपांना माळावर जागाच नव्हती, ती रूपे आत येतात.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. जमीन एकसुरी असेल तर जातींची भर पडूनही देहांचे अंगण फारसे वाढत नाही. आहे त्याच अंगणात गर्दी होते. जमीन अनेकपदरी असेल तर नव्या जातीबरोबर अंगणाला नवी ओसरी जोडली जाते. आणि त्या त्या ओसरीच्या आत, एकच घास हवा असणाऱ्या शेजारणींमध्ये, स्पर्धा आपले बारीक अंतर पाडत राहते. भूमी मोठा आराखडा आखते. शेजार त्यातल्या भिंती घालतो.

हे उत्तर बांधापर्यंत कसे पोचते ते आता सांगतो. समजा, दोन शेते आहेत आणि दोन्हींत मुंग्यांच्या दहा दहा जाती मिळाल्या. मोजणाऱ्याच्या वहीत दोघांची बरोबरी झाली. परंतु पहिल्या शेताला गवताचा रुंद बांध आहे, बांधावर बाभूळ, बोर आणि सीताफळ आहे, खाली पाला आहे. दुसऱ्यात बांध नांगरून सपाट केला आहे. पहिल्यातल्या दहा जातींत बी नेणारी, झाडावर शिकार करणारी, पाल्यातली सापळेवाली, मातीखाली हिंडणारी असे निरनिराळे देह निघतील. दुसऱ्यातल्या दहाही मध्यम बांध्याच्या, काहीही खाणाऱ्या, कोठेही राहणाऱ्या असू शकतील. जातींचा आकडा तोच. परंतु एका ठिकाणी दहा धंदे चालतात आणि दुसऱ्या ठिकाणी एका धंद्याची दहा दुकाने.

ह्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सीताफळावर पिठ्या ढेकूण पडतो हे बागायतदारांना सांगावयास नको. हा ढेकूण गोड रस गाळतो, आणि त्या रसासाठी मुंगळे व काळ्या मुंग्या त्याची गुरांसारखी राखण करतात. त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात. ह्या गुराखी मुंग्या मोकळ्या, नांगरलेल्या जमिनीवर सहज तग धरतात. शिकारी मुंग्यांना मात्र पाला आणि पोकळ लाकूड लागते. बांध गेला की आधी शिकारी जातात आणि गुराखी उरतात. आकड्यात ही हानी दिसत नाही, देहांत दिसते.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. सोलेनॉप्सिस जेमिनाटा नावाची लाल, चावरी मुंगी मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. सोळाव्या शतकात मेक्सिकोतील अकापुल्को बंदरातून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांबरोबर ती आशियात आली, असे तिच्या आनुवंशिक तपासणीवरून २०१५ साली दाखविण्यात आले आहे. आज ती भारतभर शेताशिवारांत पसरली आहे. उलथापालथ झालेली, उघडी पडलेली जमीन तिला मानवते. तिच्या वारुळात पाहिले तर बारीक कामकरी आहेत, आणि मोठ्या चौकोनी डोक्याच्या, बी फोडणाऱ्याही आहेत. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, काय हे वैविध्य! येथे आमचे मघाचे वाक्य आठवावे. हे वैविध्य एकाच जातीच्या पोटातले आहे. त्या सर्व लहानमोठ्या देहांचे दैव एकच असते. दुष्काळ, रोग किंवा विष एकीला बाधले तर सर्वांना बाधते. पेठेतला एक कारागीर गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. परंतु सर्व धंदे एकाच घरात असतील आणि ते घर बुडाले, तर सगळी पेठ एका दिवसात बंद पडते. दुष्काळाने पुन्हा पुन्हा गाठलेल्या आपल्या जिल्ह्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून आमची विनंती लहानशी आहे. बांध थोडा रुंद राहू द्यावा. त्यावरचे गवत जाळू नये, वाळकी फांदी लागलीच मोडू नये, गायरानाचा एखादा कोपरा तसाच सोडावा. शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी येत्या रविवारी गुळाचा खडा घेऊन निघावे. अर्धा खडा सपाट मुरमावर ठेवावा, अर्धा गवतकाडीच्या दाट थरात ठेवावा, आणि पंधरा पंधरा मिनिटांनी कोण आले ते लिहून ठेवावे. पाय लांब की आखूड, डोके केवढे, एकटी आली की रांगेने, हे भिंगातून पाहावे. ह्याला प्रयोगशाळा लागत नाही. चार आण्यांचा धीर आणि गुडघे टेकण्याची तयारी लागते. अशा वह्या प्रत्येक तालुक्यातून दहा वर्षे ठेवल्या गेल्या, तर बालाघाटापासून गंगथडीपर्यंतच्या भूमीची प्रकृती सुधारते आहे की खालावते आहे, हे मुंग्याच आपणांस सांगतील.

जमिनीची प्रतवारी सातबाऱ्यावर लिहिलेली असते. ती तिच्यावर चालणाऱ्या लहान देहांवरही लिहिलेली आहे. तेथली नोंद कोणास खोडता येत नाही. ती वाचावयास आपण खाली वाकावे, एवढेच सांगण्यासाठी आज आम्ही उभे राहिलो.